ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

लिफ्ट अवजार उचलेनाशी झाली की बहुतेकांचा हात आधी पान्याकडे जातो. सीट निघते, कव्हरचे बोल्ट सुटतात, पिस्टनची ओ-रिंग (ऑइल रोखणारी रबरी कडी) बदलली जाते आणि सगळे परत जोडून झाल्यावर लिफ्ट पूर्वीसारखीच अडून बसते, कारण दोष सिलिंडरमध्ये नव्हताच. लिफ्ट कुठे कमी पडते हे सांगणाऱ्या जवळजवळ सर्व खुणा ती जोडलेली आणि चालू असतानाच दिसतात. एकदा भाग सुटे झाले की त्या खुणा नाहीशा होतात आणि उरतो तो केवळ अंदाज. म्हणून उघडण्याआधीचा अर्धा तास हा दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा वेळ समजावा.

त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा पाहायचे ते लिव्हर आणि नॉब. अनेक ट्रॅक्टरांत सीटच्या पुढे खाली अवजार उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब असतो आणि तो पूर्ण आवळला तर भरलेली लिफ्ट वरच अडकून राहते. ट्रॉलीच्या जॅककडे ऑइल वळवणारा व्हॉल्व्ह त्याच बाजूला राहिला असेल, तर लिफ्टच्या सिलिंडरपर्यंत ऑइल पोहोचतच नाही. काही जुन्या रचनांमध्ये पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारांना फिरती शक्ती देणाऱ्या, शाफ्टवर चालतो, त्यामुळे पीटीओचा लिव्हर सुटलेला असेल तर लिफ्ट निपचित पडते. मी स्वतः एकदा सीट, फूटबोर्ड आणि कव्हरचे निम्मे बोल्ट काढल्यावर तो उतरण्याचा नॉब शेवटपर्यंत आवळलेला पाहिला आहे, त्यामुळे या चुकीवर कोणाला हसण्याचा अधिकार मला नाही.

दुसरी तपासणी ऑइलची. पातळी पाहताना ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद आणि लिफ्टच्या भुजा पूर्ण खाली असाव्या लागतात. भुजा वर असतील तर बरेचसे ऑइल सिलिंडरमध्ये असते, डिपस्टिक कमी पातळी दाखवते आणि माणूस गरजेपेक्षा जास्त ऑइल ओतून मोकळा होतो. ट्रॉलीचा जॅक लांबलेला असेल तरीही हीच फसगत होते. ऑइलचा रंगही पाहावा: दुधाळ ऑइल म्हणजे आत पाणी गेलेले आहे, तर फेसाळलेले ऑइल म्हणजे पंपाच्या ओढीच्या बाजूने, बहुधा सक्शन पाइपच्या ओ-रिंगमधून, हवा शिरते आहे. ओढीच्या बाजूला गळती असली तरी बाहेर थेंबही दिसत नाही, कारण तिथे ऑइल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. शिल्लक राहिलेले इंजिन ऑइल किंवा जाड गिअर ऑइल ओतण्याचा मोहही आवरावा. ज्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्स, लिफ्ट आणि ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक या तिघांचे ऑइल एकच असते, तिथे चुकीच्या ऑइलने लिफ्ट सुधारणे दूरच, ब्रेक आवाज करू लागतात.

आता लक्षणांकडे वळू. लिफ्ट थंड असताना नीट उचलते आणि तासाभराच्या कामानंतर ढिली पडते, हे झिजलेल्या पंपाचे किंवा आतल्या गळतीचे लक्षण असते, कारण गरम ऑइल पातळ होऊन झिजलेल्या फटींतून मागे निसटते. थंड असताना लिफ्ट हळू चालते आणि पंप ओरडतो, तेव्हा मात्र संशय सक्शनच्या गाळणीवर घ्यावा. ती गाळाने बुजली की पंपाला पुरेसे ऑइल ओढता येत नाही. लिफ्ट अजिबात खाली येत नसेल तर नॉब पाहून झाल्यावर रॉकर शाफ्टचे (भुजा फिरवणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश अडकले आहेत का ते तपासावे, कारण बहुतेक लिफ्टमध्ये ऑइलचा दाब फक्त उचलतो, खाली येणे अवजाराच्या वजनावर असते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो अवजार आपोआप खाली उतरण्याच्या तक्रारीत. इंजिन चालू असताना यामागची आतली गळती वेगळ्या रूपात दिसते: भुजा थोड्या खाली येतात, पोझिशन कंट्रोलचा (भुजांची ठरवलेली उंची राखणारा) व्हॉल्व्ह ते ओळखून पुन्हा ऑइल सोडतो, भुजा हिसका देऊन वर जातात, आणि काही सेकंदांच्या अंतराने रोटावेटर जागच्या जागी मान डोलावत राहतो. हे पाहताच पिस्टनची ओ-रिंग मागवणे हा घाईचा निर्णय ठरतो. अवजार उचलून इंजिन बंद करावे, नंतर उतरण्याचा नॉब पूर्ण आवळून सिलिंडर आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्यातला मार्ग बंद करावा, आणि अवजाराच्या टोकाची जमिनीपासूनची उंची पट्टीने बाजूला उभे राहून मोजावी. नॉब आवळूनही अवजार उतरत राहिले तर गळती सिलिंडरमध्ये आहे. नॉब आवळताच ते थांबले तर दोष कंट्रोल व्हॉल्व्हकडे आहे. अर्थात, हा नॉब मार्ग पूर्ण बंद करतो की केवळ अरुंद करतो, हे आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे.

दाब मर्यादेपलीकडे गेला की ऑइल सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून लिफ्टला जोर आणण्याची युक्ती सर्रास केली जाते, आणि माझ्या मते घरच्या दुरुस्तीत याहून वाईट काम नाही. 90 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे 63.6 चौरस सेंटीमीटर असते; त्यात 175 किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका दाब आला की पिस्टनवर 11 टनांहून अधिक जोर पडतो. लिफ्टचे कव्हर, रॉकर शाफ्ट आणि पंप याच हिशेबाने घडवलेले असतात. दाब वाढवल्याने झिजलेला पंप बरा होत नाही, फक्त कव्हरला तडा जाण्याची वेळ जवळ येते. दाब खरोखर कमी आहे का, हे बाहेरच्या पोर्टला योग्य मापाचा प्रेशर गेज लावून मोजावे आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावे. गेज पुरेसा दाब दाखवत असेल आणि तरीही अवजार उचलले जात नसेल, तर अवजारच जड आहे किंवा त्याचा भार फार मागे आहे, हेही मान्य करावे लागते.

सुरक्षेच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगतो, पण त्या टाळल्या तर बाकी काहीच वाचून उपयोग नाही. हायड्रॉलिकवर तोललेल्या अवजाराखाली हातही घालू नये. काम सुरू करण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि लिव्हर वरखाली करून उरलेला दाब सोडावा. दुसरी गोष्ट बारीक गळतीची. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी ऑइलची धार कातडीतून आत शिरते, त्यामुळे गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरून पाहावी. अशी धार लागलीच तर जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसली, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि ऑइल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

कव्हर उघडायचेच ठरले तर आधी त्याच्या भोवतालची माती आणि चिकट थर धुऊन पूर्ण वाळू द्यावा. कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल (ऑइलची वाट बदलणारा सरकता दांडा) आणि त्याचे घर यांत केवळ काही मायक्रॉनांची फट असते, म्हणजे केसाच्या जाडीचाही लहानसा अंश. त्या फटीत वाळूचा कण गेला की स्पूल अडकतो, आणि अडकलेला स्पूल पॉलिश पेपरने घासला की तो कायमचा गळू लागतो. भाग पुसायला धागे सुटणारी चिंधी किंवा कापसाचे बोळे वापरू नयेत. गॅस्केटवर सिलिकॉन थापण्याची सवयही अशीच महागात पडते. बोल्ट आवळताना आत दाबले गेलेले त्याचे पापुद्रे सुटून थेट सक्शनच्या गाळणीवर जाऊन बसतात.

नवीन ओ-रिंग बसवण्याआधी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवावे. नख अडेल इतका ओरखडा असेल तर नवी रिंग थोड्याच दिवसांत फाटेल, आणि सिलिंडरचेच काम करावे लागेल. ज्या बाजूने दाब येतो त्या बाजूला ओ-रिंग आणि तिच्या पाठीशी तिला आधार देणारी बॅकअप रिंग, असा क्रम असतो. तो उलटला तर दाबाखाली ओ-रिंग फटीत ओढली जाते आणि तिच्या कडेचे तुकडे पडतात. रिंग कोरडी किंवा पिळलेली जाऊ नये, म्हणून ती त्याच ऑइलमध्ये बुडवून बसवावी.

जोडणी झाल्यावर एकदम जोरात इंजिन फिरवणे ही शेवटची, पण नेहमीची चूक आहे. पंपाला पहिले ऑइल मिळेपर्यंत तो कोरडा घासला जातो, म्हणून इंजिन मंद गतीवर ठेवून, अवजार न लावता, लिफ्ट बऱ्याच वेळा वरखाली करावी आणि मग पातळी पुन्हा पाहावी. भुजा सर्वांत वर पोहोचल्यावर इंजिन दबून पंप सतत घरघर करत असेल, तर पोझिशन कंट्रोलची जोडणी चुकली आहे आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच राहतो आहे. तशा अवस्थेत शेतात जाऊ नये.

पहिल्या काही तासांच्या कामानंतर गाळणी आणि फिल्टर एकदा उघडून पाहावेत. त्यात पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकाकणारी भुकटी दिसली तर पंपाच्या आतले बुश झिजत असण्याची शक्यता मोठी असते, मात्र ऑइल सामाईक असेल तर पितळी कण गिअरबॉक्समधूनही येऊ शकतात. अशा वेळी गेजवर ऑइल गरम झाल्यानंतरचा दाब मोजावा. तो थंड असतानाच्या दाबापेक्षा बराच खाली आला असेल, तर पंप उतरवून तो बेंचवर तपासण्याची सोय असलेल्या ठिकाणी द्यावा.