आधी टेप, मग सल्ला

‘शेळी खात नाही, काय देऊ?’ असं विचारलं की दहा जण दहा औषधं सांगतात. दोष त्यांचा नाही, प्रश्नात हाती लागण्यासारखं काही नसतं. म्हणून फोन करण्याआधी पाच मिनिटं जनावरापाशी थांबा. गुदद्वारात थर्मामीटर धरून ताप बघा. निरोगी शेळीचं तापमान साधारण ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं, पण पळवून धरलेली किंवा उन्हात बांधलेली शेळी जास्त दाखवते. डाव्या कुशीवर मूठ दाबून पोट मिनिटाला एक-दोनदा हलतं का ते पाहा. खालची पापणी उलटून रंग बघा. पांढुरकी असेल तर रक्त पिणाऱ्या जंतांचा संशय घ्यावा. गाभण आहे का, किती दिवसांपासून, चारा कधी बदलला, आधी काय पाजलं, हेही लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ वजनात होतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी टेपने सेंटीमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ७०, लांबी ६५ असेल तर वजन २९ किलोच्या आसपास. नुसत्या नजरेने वजन कमी धरलं की जंतनाशकाचा डोस कमी पडतो, चिवट जंत जगतात आणि पुढे तेच औषध लागू पडेनासं होतं.

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘१० मिली पाजा’ अशा निरोपात औषधाची तीव्रता नसते. अडीच टक्क्यांच्या औषधाच्या १ मिलीत २५ मिलिग्रॅम असतात, दहा टक्क्यांच्या औषधात १००. तेच १० मिली चौपट होतात! तेव्हा डोस मिलिग्रॅम प्रति किलोमध्येच विचारा, बाटलीवरच्या आकड्याशी ताडा आणि औषधापुरता शेवटचा शब्द पशुवैद्यकाचा. दूध-मांस किती दिवस वापरायचं नाही, हेही तेव्हाच विचारून घ्या.

सल्ला कुठल्या जनावरासाठी आहे? गाईंचं तांबंयुक्त खनिज मिश्रण मेंढ्यांना दिलं तर तांबं यकृतात साठत जातं आणि एक दिवस मेंढी अचानक दगावते. शेळी तेवढंच तांबं बरंचसं सोसते.

चाऱ्याबद्दल शेजाऱ्याचं जरूर ऐकावं, मात्र नवा खुराक आधी दोन-तीन जनावरांनाच, १० ते १४ दिवसांत हळूहळू वाढवत द्यावा. जंतनाशकाचा परिणाम तपासायचा तर पाजण्याच्या दिवशी आणि १० ते १४ दिवसांनी त्याच जनावरांच्या लेंड्या प्रयोगशाळेत द्या. लेंड्यांतली जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली आणि डोस वजनाप्रमाणेच दिला होता, तर ते औषध तुमच्या कळपात निकामी होऊ लागलंय.