लिनक्स थिन क्लायंटसाठी कमी विजेचे, परवडणारे यंत्र कसे निवडावे

थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हर या मध्यवर्ती संगणकाच्या आधारे चालणारे टेबलावरचे छोटे यंत्र, घ्यायला निघालेला माणूस बहुधा आधी प्रोसेसरचे नाव विचारतो. वास्तविक तो प्रश्न शेवटचा आहे. आधी ठरवायचे ते हे, की उघडलेले प्रोग्रॅम नेमके कोठे चालणार आहेत. ते सर्व्हरवर चालणार असतील, आणि टेबलावरचे यंत्र आरडीपी किंवा एक्सटूगो या दूरच्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या पद्धतींच्या आधारे केवळ चित्र दाखवून कीबोर्ड व माउसच्या हालचाली परत पाठवणार असेल, तर २ जीबी रॅम पुरते. मात्र एलटीएसपी या, एका सर्व्हरवरून अनेक लिनक्स यंत्रे सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची २०१९ मध्ये नव्याने लिहिलेली आवृत्ती वापरायची असेल, तर यंत्र सर्व्हरवरून फक्त बूट होते, म्हणजे सुरू होते, आणि ब्राउझरसकट सारे काही त्याच्या स्वतःच्या रॅममध्ये चालते. अशा यंत्राला नावापुरतेच थिन म्हणायचे. त्यासाठी ४ जीबी ही किमान मर्यादा धरावी आणि जमल्यास ८ जीबी घ्यावी.

कमी खर्चात बसणारे पर्याय मुख्यतः तीन आहेत. कार्यालयांनी काढून टाकलेले, वापरलेले थिन क्लायंट हा माझ्या मते पहिला पर्याय. डेल वाईज ५०७० किंवा एचपी टी६३० यांना पंखा नसतो, त्यांची रॅम बदलता येते आणि ती साध्या पीसीप्रमाणे नेटवर्कवरून बूट होतात. नवेच हवे असेल तर इंटेल एन१०० चिपचा छोटा पीसी पाहावा. तिसरा पर्याय रास्पबेरी पाय ४ चा. तो वीज कमी घेतो, पण त्याची चिप एआरएम या वेगळ्या प्रकारची असल्यामुळे इतर पीसींसाठी तयार केलेली बूट इमेज (सुरू होताना सर्व्हरवरून घेतली जाणारी प्रणालीची प्रत) त्यावर चालत नाही आणि दुसरी वेगळी सांभाळावी लागते. चार-पाच यंत्रांसाठी हा व्याप मला तरी परवडणारा वाटत नाही.

एन१०० चा टीडीपी, म्हणजे चिपच्या उष्णतेचे ठरवून दिलेले माप, ६ वॅट आहे, पण हा आकडा चिपपुरता असून भिंतीवरच्या सॉकेटमधून यंत्र किती वीज ओढते ते तो सांगत नाही. म्हणून प्लगमध्ये बसणाऱ्या वॉटमीटरवर विश्वास ठेवावा. जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल आणि थिन क्लायंट १० वॅट, तर २० यंत्रे रोज ८ तास चालल्यास दिवसाला ८ युनिटांची बचत होते. खोलीतली उष्णता कमी होते तो लाभ वेगळाच.

बहुतेकांची फसगत ग्राफिक्समध्ये होते. १९२० बाय १०८० चा पडदा सेकंदाला ६० वेळा जसाच्या तसा पाठवायचा म्हटले तर जवळपास ३ गिगाबिट प्रतिसेकंद इतकी माहिती होते. म्हणून ती दाबून पाठवली जाते आणि उलगडण्याचे ओझे थिन क्लायंटवर पडते. चिपमधला व्हिडिओ डीकोडर लिनक्सला वापरता आला नाही, तर हे सारे काम प्रोसेसरच्या गळ्यात येते आणि व्हिडिओ अडखळू लागतो. त्यामुळे ज्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे असे ग्राफिक्स निवडावे. डी२५०० किंवा एन२६०० सारख्या जुन्या अ‍ॅटम चिप फुकट मिळाल्या तरी घेऊ नयेत. त्यांतील पॉवरव्हीआर ग्राफिक्सने लिनक्सशी कधी धड जुळवून घेतलेच नाही. केवळ ३२-बिट असलेली यंत्रेही टाळावीत, कारण २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर मिळत नाही.

नेटवर्क पोर्ट गिगाबिटचा असावा आणि जोडणी तारेची. वायफायवरून पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून होणाऱ्या, बूटची आशा धरू नये. रास्पबेरी पाय ३ बी प्लसवर गिगाबिट लिहिलेले असले तरी तो पोर्ट आतून यूएसबी २ ला जोडलेला असल्याने वेग सुमारे ३०० मेगाबिटवर थांबतो.

वापरलेले यंत्र घेताना मूळ अ‍ॅडॉप्टर सोबत आहे का, बायोसला (यंत्राच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड घातलेला नाही ना आणि वीज गेल्यावर परत आली की ते आपोआप सुरू होते का, हे विचारावे. मॉनिटर व्हीजीएचा आणि यंत्रावर फक्त डिस्प्लेपोर्ट असेल, तर कन्व्हर्टरचा खर्चही धरावा.

शेवटी, एकदम वीस न घेता आधी एकच घ्यावे. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, लिनक्स सुरू करून सर्व्हरशी जोडावे, पूर्ण पडद्यावर व्हिडिओ लावावा, आणि अर्ध्या तासाने प्रोसेसरवरचा भार, शिल्लक रॅम व वॉटमीटरचा आकडा टिपून घेऊन मगच उरलेल्यांची मागणी नोंदवावी.