वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर समुद्री गरुड कसा पाहावा

समुद्री गरुड पाहायचा म्हणजे घरट्याखाली जायला हवं, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. पांढऱ्या पोटाचा हा गरुड खाडीचं मुख, बंदर आणि कड्याची कड धरून फिरत असतो. उजेड आणि ओहोटी यांचं गणित जमवून एका जागी तीन तास बसलात, तर बहुतेक वेळा तोच समोरून जातो. इथे वेंगुर्ले धरून सांगितलं आहे, पण देवगड, मालवण, गुहागर, हर्णे इथेही हेच लागू पडतं.

हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. पाऊस ओसरला की जोडी जुन्याच घरट्यावर नव्या काटक्या रचायला लागते. अंडी बहुधा दोन. ती उबायला सुमारे ४० दिवस लागतात आणि पिल्लू उडेपर्यंत आणखी सव्वादोन-अडीच महिने. पिल्लू वाढत असतं तेव्हा, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, नर-मादी दोघंही भक्ष्य आणायला सारखी ये-जा करतात. एकदाच जाणं जमणार असेल तर हेच दोन महिने निवडा.

वेळ सकाळची. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी समुद्राकडे पाहताना सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पक्ष्याच्या पोटावर, डोक्यावर नीट उजेड पडतो. संध्याकाळी सूर्यास्ताच्या गर्दीत दुर्बीण घेऊन उभं राहिलात तर फक्त काळी आकृती दिसते. घार की गरुड, तेही सांगता येत नाही. दुर्बीण सूर्याच्या दिशेला गेली तर डोळ्यांना कायमची इजा होते, हा धोका वेगळाच. सात वाजता जागेवर असा.

आता ओहोटी. खाडीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्या उघड्या पडल्या की पक्षी त्यांवर उतरतात आणि उथळ पाण्यातले मासे पकडणंही सोपं जातं. कोकणातला जुना हिशेब अजून चालतो: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती, आणि सहा तासांनी नऊच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढी सूट ठेवा. म्हणून द्वितीया ते पंचमी हे दिवस सर्वांत सोयीचे: उजेड चांगला असतो तेव्हाच, साडेसात ते दहाच्या दरम्यान, पाणी खाली गेलेलं असतं. पौर्णिमेच्या सकाळी आठ-नऊला गेलात तर भरती चढत असते आणि पट्ट्या बुडायला लागलेल्या असतात.

अशा दिवशी मोचेमाडच्या खाडीचं मुख धरा. पाण्याजवळ जाऊ नका. मागे, झाडांच्या सावलीत बसा. उघड्या पुळणीवर उभा असलेला माणूस गरुडाला लांबून दिसतो आणि तो वाट बदलतो. कपडे मातकट, फिकट हिरवे चालतील. पांढरा शर्ट मात्र नको.

दुसरी जागा वेंगुर्ले बंदराजवळचा दीपगृहाचा डोंगर. इथे सात वाजता घाई करण्यात अर्थ नाही. सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो. साधारण अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, उतारावर आपटून वर चढतो आणि गरुड त्यावर पंख न हलवता डोंगराच्या कडेने तरंगत जातो. कधीकधी तो आपल्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा खालून जातो, आणि एरवी न दिसणारी राखाडी पाठ तेव्हा दिसते. जांभ्याची कड सुटते, तिच्यापासून तीन मीटर मागेच राहा. दुर्बीण डोळ्याला लावून चालायचं नाही.

तिसरी संधी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या लांब जाळ्याची. किनाऱ्यावर रापण ओढून आली की जाळ्यातली बारीकसारीक मासळी आणि अडकलेले समुद्रसाप वाळूवर टाकले जातात. घारी आणि कावळे लगेच जमतात. गरुड उशिरा येतो, बहुधा माणसं थोडी पांगल्यावर. समुद्रसाप हे त्याचं आवडतं खाद्य आहे. नखांत दोरीसारखं लोंबतं काही दिसलं तर दुर्बीण लावा. हे साप अतिशय विषारी असतात, मेलेला वाटला तरी हात लावू नका. रापणकरांना आधी विचारा, दोरीच्या वाटेत उभे राहू नका. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि खवळलेल्या समुद्रात किनाराही निर्धोक नसतो, तेव्हा जाऊ नका.

शोधायचं कसं? दुर्बीण शेवटी वापरायची. आधी नुसत्या डोळ्यांनी माडांचे शेंडे, सुरूची वठलेली झाडं आणि मनोरे एकेक करून पाहा. बसलेला गरुड गर्द झाडीत अडकलेल्या पांढऱ्या पिशवीसारखा दिसतो, म्हणून नजर त्यावरून सहज सरकते. असा प्रत्येक पांढरा ठिपका तपासा. कावळ्यांचा एकदम कल्ला झाला की तिकडे पाहा, ते बऱ्याचदा गरुडामागेच लागलेले असतात. घशातून येणारा मोठा, हंसासारखा ‘कांक कांक’ आवाजही दूरवर ऐकू येतो.

ओळखताना सर्वांत जास्त गोंधळ ब्राह्मणी घारीशी होतो, कारण तिचंही डोकं आणि छाती पांढरी असते. पण तिचं बाकीचं अंग विटकरी, आणि पंखांचा पसारा जेमतेम सव्वा मीटर. समुद्री गरुडाचा पसारा १.८ ते २.२ मीटर भरतो. खालून पाहिलं की पोट आणि पंखांचा पुढचा भाग पांढरा, तर मागची सबंध कड काळी दिसते. शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. तरंगताना तो पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर धरतो. एवढी एक खूण पाठ केली तरी अर्धा किलोमीटरवरून ओळखता येतो.

हिवाळ्यात कैकर (ऑस्प्रे) हा मासेखाऊ शिकारी पक्षीही इथे असतो. त्याच्या डोळ्यावरून काळी पट्टी जाते आणि तो पाय पुढे करून पाण्यात धाडकन पडतो. समुद्री गरुड सहसा असा बुडत नाही. पृष्ठभागाजवळून झेप घेत नखांनी मासा उचलतो. तपकिरी, मळकट, पण तेवढाच मोठा पक्षी दिसला तर तो बहुधा गरुडाचंच कोवळं पिल्लू. मोठ्यांचा पांढरा-राखाडी रंग यायला चार-पाच वर्षं लागतात. काळ्या घारीची शेपूट दुभंगलेली असते, त्यावरून ती वेगळी काढा.

दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची) पुरते. १०×४२ जवळ आणते, पण वाऱ्यात हात हलतो. मोठी स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची एकनळी दुर्बीण) असेल तर ती सकाळी दहाच्या आत वापरा, नंतर वाळूवरची गरम हवा थरथरते आणि लांबचं चित्र वितळल्यासारखं दिसतं. फोटोसाठी शटर १/२००० ठेवा. आकाश मागे असेल तर एक्स्पोजर +१ करा, नाहीतर पोट काळपटतं. मागे झाडी किंवा गडद पाणी असेल तर उलट −१, नाहीतर डोक्यावरची पिसं फटफटीत पांढरी होतात. काचेवर मीठ बसलं तर सदऱ्याने कोरडं पुसू नका, ओरखडे पडतात. आधी हवेने उडवा, मग ओलसर मऊ कापड लावा.

वहीत प्रत्येक वेळी वेळ, दिशा, वय आणि नखांत काय होतं ते लिहा. भक्ष्य घेऊन पक्षी तीन-चार वेळा एकाच दिशेला गेला की घरटं कुठल्या बाजूला असेल ते कळतं. शोध तिथेच थांबवा, पुढे जाऊ नका. लांबून घरटं दिसलं तरी निदान २०० मीटर अंतर राखा, आणि अंडी उबवण्याच्या काळात तेवढंही जवळ जाऊ नका. घरट्यावरचा पक्षी मान ताणून तुमच्याकडे पाहू लागला, ओरडू लागला किंवा उठून डोक्यावर घिरट्या घालू लागला, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे फिरा. पक्षी उठला की कावळे अंड्यांवर येतात, आणि दुपारच्या उन्हात लहान पिल्लू सावलीविना फार वेळ तग धरत नाही. ड्रोन नको, मोबाइलवरून आवाज वाजवणं नको. फोटोतलं जीपीएस बंद ठेवा आणि झाडाची जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत हा पक्षी आहे, तेव्हा गळालेलं पीसही घरी आणायचं नाही. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर उचलू नका, भरवू नका, पाणी पाजू नका. कुत्री-माणसं दूर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.