जड धातूंचे अवक्षेपण: चुना वाढवण्याआधी या चुका टाळा

प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात धातूचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले, की पीएच चढवून तो धातू हायड्रॉक्साइडच्या साक्याच्या रूपात खाली बसवण्यासाठी, म्हणजेच अवक्षेपणासाठी, सर्वप्रथम चुन्याची मात्रा वाढवली जाते आणि पुष्कळदा तिथेच चूक होते. प्रत्येक धातूचे हायड्रॉक्साइड वेगळ्या पीएचला सर्वांत कमी विरघळते: त्रिसंयुजी क्रोमियमचे साधारण ७.५ ते ८.५ ला, तांब्याचे ९ च्या आसपास, तर निकेलचे १० च्या पुढे. क्रोमियम, जस्त आणि शिसे यांची हायड्रॉक्साइडे उभयधर्मी (आम्ल आणि अल्क दोन्हींत विरघळणारी) असल्यामुळे पीएच फार चढला तर त्यांचा बसलेला साका पुन्हा विरघळू लागतो. क्रोमियम आणि निकेल एकत्र असतील, तर दोन टप्पे करावेत. ते शक्य नसल्यास जार टेस्ट (भांड्यांत वेगवेगळ्या पीएचला केलेली छोटी चाचणी) घेऊन त्याच पाण्यासाठी मधला पीएच शोधावा.

मात्रेला हात लावण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी, कारण तिच्यामुळे निम्मे कोडे सुटते. एकाच नमुन्याचे दोन भाग करून एक तसाच ठेवावा आणि दुसरा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून दोन्हींतील धातू मोजावा. गाळलेल्या पाण्यात धातू नगण्य असेल, तर रसायन ठीक आहे; साक्याचे पुंजके फुटून वाहून जात आहेत, म्हणजे पॉलिमर (कण एकत्र बांधणारे रसायन), ढवळण्याचा वेग आणि निवळण्याचा वेळ पाहायला हवा. मात्र नमुना टिकवण्यासाठी घालायचे आम्ल गाळल्यानंतरच घालावे, नाहीतर तरंगणारे कण विरघळून निष्कर्षच उलटा निघतो.

गाळलेल्या पाण्यातही धातू भरपूर असेल, तर तो विरघळलेलाच राहिला आहे. षट्‌संयुजी क्रोमियम चुन्याने बसत नाही. आधी पीएच २ ते ३ ठेवून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये क्षपण करावे लागते आणि पिवळे पाणी पूर्ण हिरवट होईपर्यंत थांबावे लागते. पीएच ९.५ असूनही पाणी स्वच्छ, गडद निळे दिसत असेल, तर अमोनियाने तांबे धरून ठेवले आहे. ईडीटीए हे धातूला बांधून ठेवणारे रसायनही हेच करते. असे प्रवाह वेगळे ठेवून सल्फाइडने धातू खाली बसवता येतो, परंतु पीएच आम्लाकडे झुकला की प्राणघातक हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, याचे भान क्षणभरही सुटता कामा नये. सायनाइडयुक्त पाणी तर आम्लधर्मी प्रवाहात कधीही मिसळू नये.

शेवटच्या टप्प्यातली एक चूक सहज नजरेआड होते. निवळलेले पाणी गाळण्याआधीच आम्लाने उदासीन केले, तर सोबत आलेले बारीक पुंजके विरघळतात आणि पकडलेला धातू फिल्टरमधून आरपार निघून जातो. म्हणून आधी गाळावे, मग पीएच उतरवावा.