जड फर्नेस ऑइलमधलं गंधक काढताना

डिझेलमधलं गंधक काढणं त्या मानानं सोपं. कस लागतो तो जड तेलात. त्यातले निकेल आणि व्हॅनेडियम उत्प्रेरकाची छिद्रं कायमची बुजवतात. म्हणून तेल गाळून घ्या आणि मुख्य रिअ‍ॅक्टरच्या आधी मोठ्या छिद्रांच्या स्वस्त उत्प्रेरकाचा थर ठेवा. खराब व्हायचा तर तो होऊ द्या.

नवा कोबाल्ट-मॉलिब्डेनम उत्प्रेरक ऑक्साइड रूपात येतो. डायमिथिल डायसल्फाइड (गंधकयुक्त द्रव) मिसळलेलं हलकं तेल हायड्रोजनसोबत सोडून त्याला आधी गंधक पाजा. बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड दिसेपर्यंत तापमान २३० अंशांच्या वर नेऊ नका. घाई केली तर गरम हायड्रोजन ऑक्साइडचा थेट धातू करतो आणि उत्प्रेरक कायमचा मंदावतो.

मग जड तेल, हायड्रोजनसह, ३५० ते ४०० अंश आणि १०० बारहून जास्त दाबाखाली. तेलातलं गंधक हायड्रोजनशी जुळून हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन निघतं. कोक (कार्बनचा थर) साचून उत्प्रेरकाचा जोर उतरेल तसं तापमान हळूहळू वाढवत न्यायचं.

रिअ‍ॅक्टरमधून आलेला गरम प्रवाह थंड करणाऱ्या एअर कूलरच्या आधी धुण्याचं पाणी सोडायला विसरू नका, नाहीतर अमोनियम क्षार नळ्या तुंबवतात. हायड्रोजन सल्फाइड अमाइनच्या (हा वायू शोषणारं रसायन) द्रावणात शोषून घ्या. आणि त्याचा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असं समजू नका. नाक बधिर झालेलं असतं.