लिनक्ससाठी नेटवर्क कार्ड: डब्यावरचं नाव नको, आतली चिप बघा

दुकानात कार्ड मागितलं की कंपनीचं नाव आणि स्पीड सांगतात. लिनक्सला त्याचं फारसं काही नसतं. कार्डावर कोणती चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे का, एवढंच त्याला कळतं. असेल तर कार्ड बसवून मशीन चालू केलं की काम झालं. नसेल तर ड्रायव्हर बाहेरून आणून कंपाइल करायचा (म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून आपल्या मशीनवर तयार करायचा), आणि कर्नल अपडेट झाला की बहुतेक वेळा तेच काम पुन्हा. त्यात तो ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं, म्हणजे नेमकं जे बंद आहे तेच. देवगड किंवा गुहागरला पार्सल मागवून मग परत पाठवत बसण्यापेक्षा चिपची चौकशी आधीच करावी.

डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेस स्लॉट (बोर्डावरची कार्ड खोचायची खाच) रिकामा असेल तर रिअलटेक आरटीएल ८१११ किंवा ८१६८ चिपचं गिगाबिट कार्ड घ्या. साधारण हजार रुपयांच्या आत मिळतं आणि त्याचा आर८१६९ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. घर, दुकान, शाळेची संगणक खोली यांना यापलीकडे काही लागत नाही. दुकानात डबा उघडून बघता आलं तर काळ्या चिपवर बारीक खेकड्याचं चित्र शोधा. ते रिअलटेकचं चिन्ह, आणि त्याच्याशेजारीच नंबर छापलेला असतो. ८१३९ दिसलं तर ठेवून द्या, ती जुनी १०० मेगाबिटची चिप आहे.

मशीन चोवीस तास चालणार असेल, म्हणजे होमस्टेच्या खोल्यांना नेट देणारा राउटर किंवा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, तर थोडे जास्त पैसे घालून इंटेल आय२१० घ्यावं. त्याचा ड्रायव्हर आयजीबी. मात्र इंटेलच्या नावाने नकली कार्डंही विकली जातात. चार पोर्टचं नवंकोरं कार्ड संशय यावा इतकं स्वस्त दिसलं तर घेऊ नका. त्यापेक्षा जुन्या सर्व्हरमधून काढलेलं खरं कार्ड बरं.

अडीच गिगाबिट हवं असेल तर स्विचही (अनेक केबल जोडायची पेटी) तेवढ्या वेगाचा लागतो. आरटीएल ८१२५ ही चिप कर्नल ५.४ पासून चालते. इंटेलमध्ये आय२२६ घ्या. आय२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोन पॅकेटमधल्या (माहितीच्या तुकड्यांमधल्या) अंतराचा दोष होता, म्हणून ते सेकंडहँड घेऊ नये. खूप जुन्या बोर्डावरचा पहिल्या पिढीचा एक्स१ (सर्वात छोटा पीसीआय एक्सप्रेस) स्लॉट अडीच गिगाबिटला पुरत नाही, गिगाबिटला आरामात पुरतो.

बारक्या चणीचं, ऑफिसातून निघालेलं डेस्कटॉप असेल तर अर्ध्या उंचीची पट्टी डब्यात आहे ना ते बघा. ती नसेल तर कार्ड केसमध्ये बसतच नाही. एक्स१ कार्ड लांब एक्स१६ स्लॉटमध्येही चालतं. लॅपटॉपला आरटीएल ८१५३ चिपचा यूएसबी ३ अडॅप्टर घ्या, ड्रायव्हर आर८१५२.

वायफायमध्ये फसगत जास्त होते, कारण एकाच नावाच्या अडॅप्टरमध्ये आवृत्तीगणिक चिप बदलते. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनचं उदाहरण घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती आणि ती लिनक्सवर उत्तम चालायची. दुसरीपासून रिअलटेकची आली. यूएसबी वायफायला मीडियाटेक एमटी७६१२यू (कर्नल ४.१९ पासून) किंवा एमटी७९२१एयू (५.१८ पासून) सुरक्षित. लॅपटॉपच्या आत बसवायला इंटेल एएक्स२१० चांगलं, कर्नल ५.१० च्या पुढे. एएक्स२११ मात्र ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतं, नावातल्या एका आकड्याने घोळ होतो. चिऱ्याच्या जाड भिंतींतून सिग्नल नीट जात नाही. संगणक जागेवरून हलणार नसेल तर केबलच टाका.

आता किनाऱ्यावरचे दोन शत्रू. पहिला वीज. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट झाला की एका इमारतीतून दुसरीत नेलेल्या तांब्याच्या केबलवर विजेचा झटका येतो. पोर्ट जळतो, कधी बोर्डही. घरातून वाडीतल्या दुसऱ्या घरात लाइन न्यायची असेल तर फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डब्या) लावा. फायबरला आधाराची लोखंडी तार असेल तर ती भिंतीबाहेरच तोडा. याच कारणासाठी बोर्डावरचा पोर्ट वापरण्यापेक्षा स्वस्त वेगळं कार्ड लावणं शहाणपणाचं. झटका बोर्डापर्यंत पोचणारच नाही असं नाही, पण नुसता पोर्ट गेला तर तो पाच मिनिटांत बदलता येतो.

दुसरा खारा वारा. पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो आणि लिंक येते-जाते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न सुटणाऱ्या धाग्यांचं कापड घेऊन, मशीनची वायर काढून, कार्डाची सोनेरी कड पुसा. खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. केबल शुद्ध तांब्याची कॅट ५ई घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल या हवेत लवकर खराब होते.

कार्ड हातात आलं की परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ पर्यायांसह (lspci -nnk) चालवा, म्हणजे चिपचा क्रमांक आणि वापरात असलेला ड्रायव्हर दोन्ही दिसतील. यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’ (lsusb). मग ‘इथटूल’ने (ethtool) लिंकचा वेग १००० मेगाबिट दाखवतेय का बघा आणि दोन मशीनमधला वेग मोजणारा ‘आयपर्फ३’ (iperf3) अर्धा तास चालू ठेवा. ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला तर ठीक. ९४ आला तर कार्डाला दोष देण्याआधी केबल बदला. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात, त्यामुळे एक जोडी तुटली की वेग गुपचूप खाली येतो. ड्रायव्हर लागलाय, तरी लिंक सारखी तुटत असेल तर कर्नलच्या बूट ओळीत (मशीन चालू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) पीसीआय एक्सप्रेसची वीज बचत बंद करून बघा.

एक गोष्ट हमखास गोंधळ घालते. नवं कार्ड बसवल्यावर जुन्या पोर्टचंही नाव बदलू शकतं, कारण नावातला आकडा बहुधा पीसीआय बसच्या क्रमांकावरून येतो आणि नवं कार्ड आलं की तो सरकू शकतो. नेटवर्कच्या फायलीत जुनं नाव लिहिलेलं असेल तर चांगलं कार्डही बंद वाटतं. आधी ‘आयपी लिंक’ (ip link) चालवून नवं नाव बघा आणि फाइल दुरुस्त करा.