बोटीला स्ट्रोक रेट मीटर कसा बसवायचा आणि त्यातला आकडा कसा वाचायचा

स्ट्रोक रेट म्हणजे रोइंगच्या, म्हणजे सरकत्या सीटच्या बोटीत मिनिटाला किती स्ट्रोक मारले, किती वेळा वल्हं ओढलं एवढंच, त्यात काही मोठं गणित नाही. खरं सांगू का, मीटरवर पैसे घालायच्या आधी काही दिवस साध्या स्टॉपवॉचवर काढा. काठावर कोणाला तरी उभं करा, वल्ह्याचं पातं पाण्यात पडलं की घड्याळ चालू करायचं, तिथून तीन पूर्ण स्ट्रोक होऊ द्यायचे, म्हणजे पातं चौथ्यांदा पाण्यात पडलं की बंद. मग १८० ला त्या सेकंदांनी भागायचं. ९ सेकंद आले तर रेट २०, साडेसात आले तर २४, ६ आले तर ३०, आणि ५ आले तर ३६, तेवढा रेट नवीन माणसाने सध्या विसरावा. यात गंमत अशी की बहुतेक जण घड्याळ चालू करतानाच 'एक' म्हणतात आणि 'तीन' ला बंद करतात, तिथे दोनच स्ट्रोक मोजले जातात आणि २० चा रेट ३० दिसतो, मग गडी खुश.

आता मीटर. ढोबळमानाने दोन जातीचे मिळतात. एक मॅग्नेटवाला, सीटच्या खाली छोटं चुंबक बसवायचं आणि सीट जिथून सरकते त्या वाटेत डेकवर सेन्सर, चुंबक वरून गेलं की सेन्सरला कळतं, तिथून वायर पुढे डिस्प्लेपर्यंत. एनके (NK) कंपनीचे जुने स्ट्रोककोच असेच. दुसरा म्हणजे डब्यातच ॲक्सिलरोमीटर, म्हणजे झटका ओळखणारा सेन्सर असलेला, स्पीडकोच जीपीएस वगैरे. बोट काही एकसारख्या वेगाने चालत नाही, प्रत्येक कॅचला, म्हणजे पातं पाण्यात पडतं तेव्हा, जरा मंदावते आणि नंतर परत पुढे झेपावते, तो झटका हा मीटर ओळखतो आणि त्यावरून रेट काढतो. वायर नाही चुंबक नाही, नुसता अडकवा आणि चला. मोबाईलचं ॲपही याच तत्त्वावर चालतं, वॉटरप्रूफ पाऊचमध्ये टाकून शिकायला ठीक आहे, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि ओल्या बोटाने टचस्क्रीन ऐकत नाही. माझं मत विचाराल तर नवीन घेत असाल तर ॲक्सिलरोमीटरवाला घ्या, सेकंडहँड बोटीबरोबर जुना मॅग्नेटवाला आला असेल तर तो फेकू नका, रेटसाठी तो आजही एकदम पक्का आहे आणि आपल्याकडे वायरिंग दुरुस्त करणारा तर मोटार रिवायंडिंगच्या प्रत्येक दुकानात बसलेला आहे.

डिस्प्ले कुठे लावायचा यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि त्रास सगळा तिथूनच सुरू होतो. आपण बसतो बोटीच्या शेपटाकडे तोंड करून, म्हणून मीटर पायांच्या पलीकडे, फूट स्ट्रेचरच्या, म्हणजे बूट बसवलेल्या पाय टेकायच्या पाटीच्या, वर मधोमध यायला पाहिजे. नजर दूर पाण्यावर ठेवली आणि मान न हलवता फक्त बुबुळं खाली केली की आकडा दिसला पाहिजे. हनुवटी खाली घालावी लागली तर मीटर फार खाली आहे, कारण हनुवटी गेली की पाठ गोल होते आणि कॅचला हात तोकडे पडतात. फार वर पण नको. बोट काठावर असतानाच सीटवर बसा, वल्हे लावा, आणि हळूहळू पूर्ण पुढे सरका. गुडघे वर येतात तेव्हा स्क्रीन त्यांच्या मागे लपते का बघा, नडगी कुठे घासते का बघा, आणि दोन्ही हँडल एकमेकांवरून जातात त्या जागी हाताच्या सांध्यांना मीटर लागत नाही ना ते बघा. थोडा वेळ लपली तरी चालतं, फिनिशला, म्हणजे वल्हं ओढून झाल्यावर पाय सरळ असताना नीट दिसली म्हणजे झालं. बोटीचा रिगर, म्हणजे वल्हं ज्यावर टेकतं ती बाहेर आलेली नळ्यांची चौकट, पायांकडून जाणारा असेल तर त्याच्या नळीवर क्लॅम्प लावता येतो, पण रिगर पाठीमागून असेल तर मात्र स्ट्रेचरशिवाय इलाज नाही.

क्लॅम्प नळीवर सैल बसला तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये गुंडाळा आणि मग स्क्रू आवळा, सरकतही नाही आणि नळीला ओरखडेही पडत नाहीत. ॲक्सिलरोमीटरवाल्या मीटरला तर हे फारच महत्त्वाचं, कारण स्टँड लटलटत असेल तर मीटर बोटीचा झटका सोडून स्वतःचीच थरथर मोजत बसतो आणि मग तुम्ही आरामात २० ने चाललात तरी तो मधूनच ३८ दाखवतो. स्क्रीन आपल्याकडे आणि डबा बोटीच्या रेषेत सरळ पाहिजे, डावी-उजवीकडे तिरका लावू नका. डबल साइड टेपवर तर अजिबात भरवसा नको. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्रीत तो गोंद पघळतो, सकाळी चिकटवलेला मीटर दुपारी शेडमध्ये तिरपा लोंबकळताना सापडतो, आणि पाण्यावर असताना पडला तर तापीमायला अर्पण. काहीही लावलं तरी एक बारीक दोरी मीटरपासून स्ट्रेचरला बांधून ठेवायची.

मॅग्नेटवाला असेल तर पुढचं वाचा, नसेल तर हे सोडून द्या. चुंबक सीटच्या खालच्या बाजूला, मधोमध. सेन्सर त्याच्या बरोबर खाली, दोन्ही स्लाईडच्या, म्हणजे सीट सरकते त्या पट्ट्यांच्या, मध्ये डेकवर. दोघांमधलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं, फक्त घासायला नको. माणूस बसल्यावर सीट किंचित दबते हे लक्षात ठेवा, नाहीतर रिकाम्या सीटला मोकळं जाणारं चुंबक माणूस बसल्यावर सेन्सरवर खरडतं. सेन्सर स्लाईडच्या अगदी टोकाला लावू नका. सीट तिथपर्यंत दर वेळी पोचेलच असं नाही, हाफ स्लाईडचा, म्हणजे सीट अर्धीच सरकवायचा सराव करत असाल किंवा दमून स्ट्रोक आखूड झाला असेल तर चुंबक सेन्सरवरून जातच नाही आणि मीटर गप्प बसतो. मधल्या भागात लावला म्हणजे झालं, नेमकी जागा तुमच्या मॉडेलच्या कागदात दिलेली असते. नुसत्या हाताने स्ट्रोक मारताना सीट हलतच नाही, तेव्हा रेट दिसत नाही म्हणून मीटर उघडून बसू नका.

दोघांची किंवा चौघांची बोट असेल तर चुंबक स्ट्रोक सीटला, म्हणजे शेपटाकडे सगळ्यात शेवटी बसतो त्याच्या सीटला, कारण रेट तोच ठरवतो आणि बाकीचे त्याच्या पाठीकडे बघून चालतात.

ड्रिल मशीन हातात घ्यायच्या आधी थांबा. डेकच्या खाली पुष्कळ बोटींमध्ये हवाबंद कप्पा असतो, बोट उलटली तर तीच हवा बोटीला तरंगत ठेवते, त्यात एक भोक पडलं तर महिनोन्महिने पाणी झिरपत राहतं आणि बोट जड का वाटते ते कळत नाही. बोटीच्या तळाला तर भोक पाडायचंच नाही. सेन्सर बसवायला डेकचा भाग पॉलिश पेपरने हलका घासा, स्पिरिटने पुसा, अरल्डाइट लावा आणि रात्रभर वजन ठेवून सोडून द्या. आधी मात्र टेपने तात्पुरता लावून जागा पक्की करा, अरल्डाइट वाळल्यावर विचार बदलला तर डेकचा रंग सोबत घेऊनच निघतो.

वायर स्लाईडच्या आणि सीटच्या चाकांपासून लांब, डेकच्या कडेने न्यायची आणि वीतभर अंतरावर केबल टायने बांधायची. स्ट्रेचरजवळ थोडी ढील ठेवा, कारण उंच माणूस बसला की स्ट्रेचर पुढे सरकवतात आणि ताणलेली वायर तिथेच तुटते. पण ढील म्हणजे भेंडोळं नव्हे. बोट उलटली तर बुटातून पाय झटक्यात निघाला पाहिजे, त्या जागेत वायरचा एक पण फास नको. हे मी गमतीत सांगत नाही. आणि लाइफ जॅकेट मीटरच्या आधी घ्या, आकडे काय नंतर पण दिसतील.

मॅग्नेटवाला सगळा बसला की बोट स्टँडवर ठेवून सीट हाताने पुढे-मागे करा, मोबाईलच्या घड्याळावर तीन सेकंदाला एक पूर्ण फेरी या हिशेबाने. मीटरवर २० च्या आसपास आलं पाहिजे. बरोबर दुप्पट म्हणजे ४० दाखवत असेल तर तो जाताना आणि येताना दोन्ही वेळा मोजतोय, चुंबक उलटं लागलंय का आणि सेन्सरची जागा बरोबर आहे का ते तपासा. मध्येच शून्य होत असेल तर अंतर जास्त आहे, नाहीतर प्लगमध्ये पाणी गेलंय. आणखी एक आपल्याकडची खास गोष्ट, नदीच्या रेतीत काळा बारीक लोहकण असतो, शाळेत चुंबक फिरवून गोळा केला असेल तोच. बोट रेतीवरून लोटली की तो सीटखालच्या चुंबकाला दाढीसारखा चिकटतो आणि सेन्सरवर घासत राहतो. ओल्या फडक्याने निघत नाही, टेपचा तुकडा चिकटवून ओढा, लगेच येतो.

आता पाण्यावर. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या बॅरेजचं पाणी अडवलेलं असतं तेव्हा तापीचा पट्टा लांब आणि बराच सरळ मिळतो, सकाळी वारा उठायच्या आत गेलं तर आरशासारखं पाणी. तापी इथे पश्चिमेला वाहते. खाली जाताना आपलं तोंड पूर्वेला, सूर्य डोळ्यात पण स्क्रीन सावलीत, आकडा छान दिसतो. परत वर येताना सूर्य पाठीशी आणि ऊन थेट स्क्रीनवर, सगळं पांढरं. म्हणून मीटर वर-खाली असा थोडा कलता ठेवा की फिनिशला मागे झुकल्यावर तुमचीच सावली त्यावर पडेल. पोलराइज्ड गॉगल असेल तर स्क्रीन एखाद्या कोनात पूर्ण काळी दिसते, मीटर बिघडला म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी गॉगल काढून बघा. काठावर मासे धरणारे हमखास हाक मारतात, "भाऊ, हाई काय शे, मोबाईल शे का?" त्यांना सांगायचं की चांदवडकडचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याने जी बोट घेऊन उतरला होता आणि १३ वा आला होता त्या जातीची बोट आहे आणि हा तिचा मीटर, मग ते बोट सोडून मीटरची किंमत विचारतात.

आकडा कसा वाचायचा हे मात्र नीट समजून घ्या कारण मीटर लागला की प्रत्येक जण पहिल्याच दिवशी रेट वाढवायला बघतो. रेट म्हणजे जात्याचे फेरे, पीठ किती पडलं ते वेगळंच. समजा तुम्ही २० रेटने चालताय आणि ५०० मीटरला अडीच मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटाला २०० मीटर, म्हणजे एका स्ट्रोकला १० मीटर. रेट २४ केला आणि स्प्लिट, म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ, २ मिनिट २५ सेकंद आला, तर मिनिटाला २०७ मीटर झाले पण एका स्ट्रोकला साडेआठच्या जरा वर. मिनिटाला चार स्ट्रोक जास्त मारून फक्त पाच सेकंद कमावले, आणि छाती भात्यासारखी. म्हणून रेट आणि स्प्लिट दोन्ही एका स्क्रीनवर ठेवा, नुसता रेट कधीच बघू नका.

लांब पल्ल्याचा निवांत सराव १८ ते २२ वर करा. २० च्या रेटला एका स्ट्रोकला तीन सेकंद मिळतात, त्यात एक सेकंद ओढायला आणि दोन सेकंद सीट सावकाश पुढे यायला. हे दोन सेकंद नवीन माणसाला सहन होत नाहीत, तो पुढे धावतो आणि त्या धावण्याने बोट मागे ढकलली जाते. जरा जोराचा सराव २४ ते २८, आणि २००० मीटरच्या रेसमध्ये चांगले खेळाडू ३२ च्या वरच असतात, स्टार्टला तर ४० पार करतात. रेट वाढवायचा झाला तर दोन-दोनने वाढवा, प्रत्येक टप्प्यावर स्प्लिट खाली येतोय का बघा, यायचा थांबला की तिथेच तुमची सध्याची हद्द. आणि प्रत्येक स्ट्रोकला स्क्रीनकडे बघायचं नाही. एखादा स्ट्रोक २१ एखादा १९ दाखवणारच, आठ-दहा स्ट्रोक मारा मग एक नजर टाका.

प्रवाहाचं पण एक लफडं आहे. जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग मोजतं, पाण्याच्या नाही. वरून भुसावळकडच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की ते पाणी पुढे आपल्याकडेच येतं, त्या दिवसांत खाली जाताना तुम्ही एकदम ऑलिंपिकवाले आणि वर येताना बैलगाडी पण पुढे जाईल. अर्थात तेवढं पाणी असेल तर बोट काढायचीच नाही, पण थोडा प्रवाह असला तरी स्प्लिट खाली जाताना आणि वर येताना वेगवेगळा लिहा आणि खालच्याची तुलना खालच्याशीच करा. तळाला छोटी फिरकी असलेले मीटर पाण्याच्या हिशेबाने वेग सांगतात, त्यांना प्रवाहाचा त्रास नाही पण जलपर्णीचा एक धागा अडकला की वेग शून्य. रेटला मात्र यातल्या कशाचाच फरक पडत नाही, २० म्हणजे २०.

घरी आल्यावर मीटर गोड्या पाण्याने धुवा, प्लगची टोकं कोरडी करा, आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात एलसीडी काळी पडते आणि प्रत्येक वेळी परत येईलच असं नाही. पावसाळ्यात बॅरेजचे गेट उघडले की आपला सीझन तसाही बंद, तेव्हा सेलवाला मीटर असेल तर सेल काढून ठेवा, चार्जिंगवाला असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा, आणि सीट घरात आणणार असाल तर खालच्या चुंबकापासून एटीएम कार्ड लांब ठेवा.